सांगून चुना लावणारी काच

मित्रांनो, मी एक जुनी काच आहे. आरसा नाही, तावदान नाही, बांगडी तर मुळीच नाही. तुमच्या तळहाताएवढी, चांगली जाडजूड, एका कोपऱ्याचा टवका उडालेली साधी चौकोनी काच. मला पाहून कुणी ‘वा!’ म्हणत नाही. म्हणून तर माझी गोष्ट मलाच सांगावी लागते आहे.

एक गोष्ट आधीच कबूल करते. मी कोल्हापूरची. आमच्याकडे बायकासुद्धा ‘मी आलो, मी गेलो, मी जेवलो’ असंच बोलतात, आणि मीही मनातल्या मनात तसंच बोलतो. पण तुमच्यापैकी कुणी ही गोष्ट निबंधाच्या वहीत उतरवली, तर शाळेतल्या बाई लाल रेघ मारतील. म्हणून जिभेला आवर घालून ‘मी आले, मी गेले’ म्हणणार आहे. मधेच कुठं पाय घसरला तर सांभाळून घ्या.

माझा जन्म कुठल्या भट्टीत झाला ते मला आठवत नाही. आठवते ती गुळाच्या बाजारातली एक पेढी. तिथल्या मोठ्या मेजावर मी ऐसपैस पसरलेली असे. त्या वेळी मी चांगली चार हात लांब होते. व्यापारी माझ्यावर गुळाचे खडे ठेवायचे, चाखायचे, भांडायचे आणि बोटं मलाच पुसायचे. दिवसभर अंग चिकट आणि भोवती माशा. एकोणीसशे एकोणपन्नास साली एका शेतकऱ्याला आपला गूळ किती खणखणीत आहे ते दाखवायची हुक्की आली. ‘‘बगा तर खरं!’’ म्हणत त्यानं अख्खी ढेप माझ्यावर आदळली. गूळ खरोखरच खणखणीत होता, त्याला काही झालं नाही. माझे मात्र अठरा तुकडे झाले.

त्या वेळी पेढीवर डॉक्टर त्र्यंबक कुरुंदवाडकर घरासाठी गूळ घ्यायला आले होते. मुंबईला दातांची विद्या शिकून त्यांनी नुकताच मंगळवार पेठेत दवाखाना थाटला होता. औषध घोटायला त्यांनी एक विलायती काच मागवली होती, ती वाटेतच फुटून आली होती. ते खाली वाकले, अठरा तुकड्यांतून मला उचललं, उजेडात धरलं आणि म्हणाले, ‘‘ही नेतो मी.’’ पेढीवाल्यानं वर मूठभर गूळ दिला. मूठभर गूळ आणि मी, एकाच पुडीतून दवाखान्यात गेलो.

दवाखान्यात पिराजी नावाचा कंपाउंडर होता. वयानं डॉक्टरांपेक्षा मोठा, मिशा जाड आणि बोलणं त्याहून जाड. त्यानं माझ्या चारही कडा पाट्यावर पाणी टाकून टाकून घासल्या. दुखलं, खोटं कशाला बोलू! पण तिसऱ्या दिवशी माझ्या कडेवरून बोट फिरवलं तरी कापत नव्हतं. मग मला उकळत्या पाण्यात घालून काढलं, तेव्हा कुठं गुळाचा वास गेला. त्या जागी लवंगेचा वास आला, तो आजतागायत गेलेला नाही. विश्वास नसेल तर नाक लावून पाहा.

आता माझं काम सांगते. मित्रांनो, दात म्हणजे नुसता दगड नव्हे. वरचं कवच कठीण असतं, पण पोटात मऊ, लाल, नाजूक गाभा असतो. डॉक्टर त्याला ‘दाताचा जीव’ म्हणत. कीड लागून किंवा दात तुटून हा जीव उघडा पडला, की वारा लागला तरी माणूस बोंब ठोकतो. तिथं डॉक्टर काय करत? माझ्यावर जस्ताच्या पांढऱ्या भुकटीचा छोटा ढीग घालत, शेजारी लवंगेच्या तेलाचे दोन थेंब टाकत आणि चपट्या पोलादी पातीनं दोन्ही घोटत. घोटता घोटता त्याचा लोण्यासारखा गोळा व्हायचा. तो दातात भरला की रडत आलेलं माणूस घरी जाऊन जेवायचं. ती पाती माझी जन्माची मैत्रीण. दिवसातून दहा वेळा आमचं ‘खर्र खर्र’ चालायचं, आणि पिराजी म्हणायचा, ‘‘सुरू झालं ह्या दोघींचं!’’

पण डॉक्टरांच्या मनात आणखी एक गोष्ट होती. एका विलायती मासिकात त्यांनी वाचलं होतं, की दात नुकताच तुटलेला असेल आणि आतला जीव स्वच्छ असेल, तर त्या लाल ठिपक्यावर शुद्ध चुन्याचा थर द्यावा. चुना जिवाला किंचित डिवचतो, आणि मग तो जीव आपला आपणच वर एक कठीण पापुद्रा धरतो. म्हणजे बाहेरच्या गवंड्यानं भिंत बांधायची नाही, घरधन्यानंच आतून बांधायची! डॉक्टर हे सांगायला लागले की त्यांना जेवणाचीही शुद्ध राहत नसे. पिराजीनं चुन्याच्या भट्टीवरून भाजलेल्या कळ्या आणल्या. डॉक्टरांनी त्या उकळलेल्या पाण्यात विझवल्या, फडक्यातून सात वेळा गाळल्या आणि वाळवून काचेच्या बुचाच्या बाटलीत बंद केल्या. वारा लागू दिला नाही.

इतकी तयारी झाली, पण गाडं अडलं ते एका शब्दावर. एक कारकून पायरीवरून पडून दाताचा तुकडा उडवून घेऊन आले. डॉक्टरांनी तपासलं आणि मोठ्या आनंदानं सांगितलं, ‘‘काळजी करू नका. तुम्हाला आपण चुना लावू.’’

ते गृहस्थ खुर्चीतून उठले आणि गळ्यात बांधलेल्या फडक्यासकट पसार झाले. फडकं आजही परत आलेलं नाही. पुढं आठवडाभर पेठेत तोच विषय. ‘‘त्यो दातवाला तोंडावर सांगतोय, चुना लावतो म्हनून!’’

पिराजी वैतागला. ‘‘डाक्टर, नाव बदला की वो. कॅल्शम म्हना. कुनाला काय कळतंय?’’

‘‘नाव लपवून औषध दिलं, पिराजी, तर तेच खरं चुना लावणं झालं,’’ डॉक्टर म्हणाले.

तत्त्व चांगलं होतं, पण बाटली वर्षभर फळीवर तशीच राहिली. मी तिच्या शेजारीच असायचे. बिचारी रोज विचारायची, ‘‘आज तरी कुणी येणार का गं?’’

आणि बावन्न सालच्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी केरबा आला.

केरबा हंबीररावांच्या बँडमध्ये लग्नांतून क्लारनेट वाजवायचा. हे वाद्य तुम्ही वरातीत पाहिलं असेल, काळं, लांब, चांदीच्या कळांचं. ते वाजवताना वरचे पुढचे दोन दात त्याच्या तोंडावर टेकवावे लागतात, आणि खाली ओठावर बोरूची पातळ पत्ती थरथरते. ते दोन दात म्हणजे वाजवणाऱ्याची बैठक. त्यातला एक गेला की सूर गेला. केरबाच्या क्लारनेटवर अख्खं कोल्हापूर खूश होतं. त्याचं लाडकं गाणं सुरू झालं, की नवरदेवाचा घोडासुद्धा थांबायचा म्हणे. आता घोडा थांबायचा की घोडेवाला, ते मला माहीत नाही.

असा हा केरबा आदल्या दिवशी गुऱ्हाळावर गेला होता. हाताशी कोयता होता. पण ऊस कोयत्यानं सोलला तर तो कोल्हापूरचा गडी कसला? त्यानं दातानं सोलायला घेतला. पेरावर दात घातला, तिरका ओढला आणि कट्ट! वरच्या पुढच्या दाताचा कोपरा उसाच्या सालीबरोबर जमिनीवर.

तो खुर्चीत बसला तेव्हा त्याच्या तोंडावर पटका होता. मागं त्याची आई धोंडुबाई, उंच, करारी, कमरेला पानाची चंची खोचलेली. तिच्या मागं बँडचे मालक हंबीरराव. दवाखाना इतका भरलेला मी कधी पाहिला नव्हता.

डॉक्टरांनी तोंडात छोटा आरसा धरून पाहिलं. तुटलेल्या दाताच्या मधोमध मोहरीएवढा लालबुंद ठिपका दिसत होता. जीव उघडा पडला होता.

‘‘दात काढला तर?’’ केरबानं विचारलं.

‘‘काढला तर दुखायचं थांबेल. क्लारनेटही थांबेल.’’

हंबीरराव खाकरले. ‘‘डाक्टर, मी काय वाईट मानूस न्हाय. पर पाडव्याला आमची मोठी सुपारी हाय, आनि क्लारनेट बँडाचं हाय. तवर केरबा उभा ऱ्हायला तर त्येचं. न्हायतर गुंडूच्या हातात द्याय लागनार. गुंडू कसा वाजीवतोय ते तुमी ऐकलंय. बँड फुडं आनि गाढवं मागं.’’

केरबानं मान खाली घातली. त्याला दुसरं काही येत नव्हतं. शेत नव्हतं, धंदा नव्हता. बापानं मरताना त्याला फक्त फुंकायला शिकवून ठेवलं होतं.

‘‘आणि दात ठेवला तर?’’ तो हळूच म्हणाला.

मी फळीवर श्वास रोखला. बाटलीनं रोखला. पिराजीनं तर डोळेच मिटून घेतले.

‘‘ठेवला, तर आपण याला चुना लावू,’’ डॉक्टर म्हणाले.

झालं! धोंडुबाई एक पाऊल पुढं आली. ‘‘कुनाला चुना लावतोस रं? गरीब बगून? मी नेसरीची हाय, नेसरीची! तुज्यासारकं छप्पन्न डाक्टर बगिटल्यात मी! ऊठ रं केरबा!’’

‘‘मावशी, खरा चुना,’’ डॉक्टर घाईनं बाटली काढून म्हणाले. ‘‘हा बघा. पानाला लावता ना, त्याच जातीचा.’’

धोंडुबाईनं बाटली हातात घेतली, उजेडाकडं धरली, हलवली. ‘‘कळीचा?’’

‘‘कळीचा.’’

‘‘आत्ता गं बया! मग आदी सांगायचं न्हाय व्हय? मला वाटलं, चुना लावतोय म्हंजे चुना लावतोय!’’ ती एवढ्या मोठ्यानं हसली की रस्त्यावरचा टांगेवाला आत डोकावला. ‘‘पर ह्यो एवडासा कशाला? माज्या चंचीत डबी भरून हाय की. घ्या पायजे तेवडा.’’

‘‘नको, मावशी. तुमचा पानाला, माझा दाताला,’’ डॉक्टर हसून म्हणाले आणि कामाला लागले.

मित्रांनो, त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या अंगावर चुना घोटला गेला. उकळून गार केलेल्या पाण्याचा एक थेंब, चिमूटभर भुकटी, आणि पाती इतकी हलकी फिरली की तिला मी ओळखलंच नाही. डॉक्टरांनी मिठाच्या कोमट पाण्यानं दात धुतला, कापसानं टिपला आणि त्या लाल ठिपक्यावर चुना अलगद टेकवला. मग माझ्याच अंगावर लवंगेच्या तेलातला गोळा घोटून वर पांघरूण घातलं. सगळ्यावर चांदीची पातळ टोपी बसवली. असल्या टोप्या त्यांना गुजरीतला, म्हणजे आमच्या सोनारआळीतला, एक सोनार करून देई. केरबानं आरशात पाहिलं. मधोमध चांदीचा दात चमकत होता.

‘‘नवरदेवापरीस मीच उठून दिसंन,’’ तो म्हणाला, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हसला.

‘‘पाडव्यापर्यंत फुंकायचं नाही. पुढच्या दातांनी चावायचं नाही,’’ डॉक्टरांनी बजावलं. ‘‘आता सगळा भरवसा चुन्यावर.’’

हे शेवटचं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. कारण ते धोंडुबाईनं नीट ऐकलं.

सहाव्या दिवशी केरबा परत आला तो तोंड झाकूनच. डॉक्टरांनी पटका बाजूला केला आणि त्यांचा चेहरा उतरला. वरचा ओठ वडा झाला होता. हिरडी पांढरी पडून सोलली होती. हंबीररावांना कुणीतरी कळवलं होतं. ते दारातच म्हणाले, ‘‘गेला वाटतं दात. गुंडूला सांगू का मग?’’ केरबाच्या डोळ्यांतून पाणी आलं. औषध माझ्या अंगावर घोटलेलं होतं. दात गेला तर लोक काचेला नाव ठेवणार नव्हते, पण मला माझं कळत होतं.

डॉक्टरांनी वाकून वास घेतला. मग सरळ होऊन धोंडुबाईकडं पाहिलं. ‘‘मावशी, याच्या हिरडीला काय लावलंत?’’

‘‘मी? काय न्हाय. चुना,’’ धोंडुबाई अभिमानानं म्हणाली. ‘‘रोज सकाळ-संद्याकाळ, बोटानं, मुळाशी. तुमी ठिपक्याएवडा लावला. म्हटलं, त्येवड्यानं कवा बरं व्हायाचं? पाडव्याची सुपारी डोक्यावर हाय. जरा जास्तीचा लावला तर लौकर बरं हुईल.’’

पिराजीच्या मिशा रागानं हलल्या. डॉक्टर रागावतील असं मला वाटलं. पण ते स्टुलावर बसले आणि शांतपणे म्हणाले, ‘‘मावशी, पानाला चुना जास्त लागला तर काय होतं?’’

‘‘तोंड भाजतंय.’’

‘‘मग?’’

धोंडुबाईनं लेकाच्या तोंडाकडं पाहिलं. तिचा हात हळूहळू स्वतःच्या तोंडावर गेला. ‘‘आगं आये गं,’’ ती म्हणाली, ‘‘माज्या हातानं माज्या प्वाराचं तोंड भाजलं की मी.’’ आणि ती नेसरीची करारी बाई खाली बसून लहान मुलीसारखी रडली.

डॉक्टरांनी हिरडी धुतली, साजूक तूप लावायला सांगितलं. ‘‘भाजलीय ती हिरडी, मावशी. आठवड्यात भरेल. दात टोपीखाली आहे. आतलं काय ते मला आज सांगता येणार नाही. टोपी आज काढली तर सगळंच बिघडेल. पाडव्यालाच कळेल.’’

‘‘म्हंजे गेला बी आसंल?’’ तिनं विचारलं.

‘‘असेल,’’ डॉक्टर म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नसे.

धोंडुबाईनं डोळे पुसले. चंची सोडली, तिच्यातली पितळेची चुन्याची डबी काढली आणि फळीवर माझ्या शेजारी ठेवली. ‘‘ही हितं ऱ्हाऊ द्या. माजं प्वार वाजवंस्तवर मी पान खानार न्हाय.’’

तुम्हाला पान खाणारी माणसं माहीत असतील. बारा वर्षांची असल्यापासून दिवसाला दहा पानं खाणारी बाई पान सोडते म्हणजे काय, ते त्यांनाच विचारा. रोज भाजी घेऊन जाताना ती दवाखान्याच्या खिडकीतून डबीकडं बघायची, तोंडाला सुटलेलं पाणी गिळायची आणि पुढं जायची. डबी मला म्हणायची, ‘‘बाईंच्या कमरेला होते तेव्हा जग फिरत होते. तुझ्या फळीवर आले आणि पेन्शनीत निघाले.’’ मी तिची समजूत काढायचे. पण रात्रंदिवस डोक्यात एकच विचार असायचा, टोपीखाली काय चाललं असेल? तो मोहरीएवढा जीव भिंत बांधतोय का, की बसलाय आपला गप्प?

पेठेत बातमी पोचली होतीच. आधी डॉक्टर लोकांना चुना लावत होता, आता आईनं लेकाला लावला! धोंडुबाई रस्त्यानं निघाली की टवाळ पोरं ‘चुना, चुना’ ओरडायची. तिनं एकालाही उत्तर दिलं नाही. बांध फुटल्यासारखी बोलणारी बाई गप्प झाली, हेच मला सगळ्यात जास्त लागलं.

पाडवा उजाडला. दारोदार गुढ्या. डॉक्टर दवाखाना बंद ठेवून फक्त केरबासाठी आले होते. खुर्चीत केरबा, भिंतीला टेकून धोंडुबाई, बाकावर हंबीरराव आणि त्यांच्या मांडीवर क्लारनेटची पेटी. सुपारी संध्याकाळची होती. गुंडू बाहेर ओसरीवर बसून गाल फुगवण्याचा सराव करत होता.

डॉक्टरांनी चांदीची टोपी सोडवली. लवंगेचा थर कोरून काढला. खालचा चुना पाण्याच्या धारेनं धुतला आणि डोळे बारीक करून पाहिलं. लाल ठिपका नव्हता. त्या जागी पिवळसर काहीतरी होतं. त्यांनी सळईचं टोक हलकेच टेकवलं.

टक.

‘‘कठीण आहे,’’ ते पुटपुटले. पण हसले नाहीत. भिंत तर दिसत होती, पण भिंतीमागं घरधनी जिवंत होता का? मेलेला दातही टक वाजतो, मित्रांनो.

‘‘पिराजी, बर्फ.’’

सोडावॉटरच्या दुकानातून आणलेला बर्फाचा खडा पिराजीनं कापसात धरून दिला. डॉक्टरांनी तो दाताला लावला. एक क्षण गेला. दोन गेले. केरबा छताकडं बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. धोंडुबाईनं भिंत घट्ट धरली. हंबीररावांनी पेटीवरचा हात काढला.

‘‘आय्यायायाया!’’ केरबा खुर्चीत वीतभर उडाला.

‘‘झोंबलं?’’ डॉक्टर ओरडले.

‘‘लई झोंबलं वो!’’

‘‘झोंबलं!’’ डॉक्टरांनी बर्फ वर फेकला. तो पिराजीच्या सदऱ्यात गेला आणि पिराजी नाचायला लागला. बर्फ काढायचं सोडून डॉक्टरही नाचायला लागले.

धोंडुबाईला काही कळेना. तिचा बांध फुटला. ‘‘माजं प्वार वरडतंय आनि तुमी नाचालायसा? लाज न्हाय वाटत?’’

‘‘मावशी!’’ कुरुंदवाडकरांच्या घरातली शुद्ध भाषा डॉक्टर त्या दिवशी पार विसरले. ‘‘मेलेला दात वरडत न्हाय, मावशी! जित्ता हाय! दात जित्ता हाय की!’’

धोंडुबाई बघत राहिली. मग तिनं लेकाचं तोंड दोन्ही हातांत धरलं, त्या तुटक्या दाताकडं पाहिलं आणि त्याच्या कपाळावर आपलं कपाळ टेकवलं. मी हसलो, मी रडलो, मी काय काय केलो मला आठवत नाही. मारू देत बाईंना रेघ!

डॉक्टरांनी तुटलेल्या कडा घासून गुळगुळीत केल्या आणि चांदीची टोपी पुन्हा पक्की बसवली. हंबीररावांनी पेटी उघडली. केरबानं पत्ती ओलवली, वरचे दात टेकवले आणि फुंकर मारली. पहिल्यांदा नुसतीच ‘फुस्स’. दुसऱ्यांदा बदक ओरडलं. ओसरीवर गुंडूची मान आशेनं वर झाली. तिसऱ्यांदा सूर लागला. तो असा लागला की फळीवर मी थरथरले, माझ्यावर ठेवलेली पाती किणकिणली आणि शेजारी डबीचं झाकण नाचायला लागलं. केरबानं तो सूर धरून ठेवला, धरून ठेवला, इतका की डॉक्टर म्हणाले, ‘‘अरे, श्वास घे बाबा!’’

धोंडुबाई फळीपाशी आली. डबी उचलली. चंचीतून दहा आठवडे वाट पाहून सुकलेलं पान काढलं आणि बोटावर चुना घेतला.

‘‘मावशी, जपून,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘ठिपक्याएवढाच.’’

‘‘गप बसा वो,’’ ती म्हणाली, आणि ठिपक्याएवढाच लावला.

त्यानंतर दिवस पालटले. दात तुटला की लोक स्वतःच येऊन म्हणू लागले, ‘‘डाक्टर, आमाला बी चुना लावा.’’ पेठेत म्हणच पडली, बाकीचे न सांगता लावतात, कुरुंदवाडकर सांगून लावतात! सगळ्यांचेच दात वाचले असं मी म्हणणार नाही. काही उशिरा आले, काही वर तंबाखू दाबून आले. त्यांच्यापुढं चुन्याचं काही चाललं नाही. पण जे वाचले, त्यांचं हसू माझ्या अंगावरून गेलं आहे.

मग एक दिवस मुंबईहून नवी काच आली, कोरीव कडांची, मखमली पेटीतली. त्याच आठवड्यात पिराजीच्या हातून निसटून माझा कोपरा उडाला. डॉक्टरांच्या पत्नी नंदिनीबाईंनी मला माडीवरच्या स्वयंपाकघरात नेलं, आणि मी कैरीच्या लोणच्याच्या बरणीचं झाकण झाले. मी कुणाला दोष देत नाही. लोणचं चांगलं होतं. पण जिनं दातांचे जीव राखले, तिनं मोहरीच्या फेसाचा वास घेत वर्षभर पडून राहायचं? पाती खाली दवाखान्यातच होती. तिचं ‘खर्र खर्र’ ऐकू यायचं, दुसऱ्याच काचेवरचं.

अठ्ठावन्न सालच्या संक्रांतीला केरबा तिळगूळ द्यायला आला. दर वर्षी यायचा. नंदिनीबाईंनी त्याला लोणचं वाढायला बरणी उघडली, आणि तो उठून उभाच राहिला. ‘‘वैनी, ही काच... ही तीच का वो?’’ त्यानं नाकाला लावली. ‘‘तीच हाय! लवंग!’’

मित्रांनो, क्लारनेटची पत्ती बोरूची असते. ती वाजून वाजून वाकडी होते. मग ती एकदम सपाट जागेवर घासून सरळ करावी लागते. लाकूड चालत नाही, फरशी चालत नाही. लागते ती माझ्यासारखी जाड, सपाट काच. केरबानं बरणीसाठी नवी चिनी मातीची बशी आणून दिली आणि मला पटक्यात गुंडाळून घरी नेलं.

तेव्हापासून मी त्याच्या घरी आहे. तुम्हाला सांगायचं ते एवढंच. ऊस कोयत्यानं सोला, घरात असतो. दात तुटला तर शेजाऱ्यापाजाऱ्यांना न विचारता डॉक्टरांकडं जा, आणि लगेच जा. बर्फ झोंबला तर रडू नका, आत कुणीतरी राहतंय एवढं समजा. आणि घरातली टवका उडालेली वस्तू फेकण्याआधी एकदा हातात घेऊन बघा.

रोज सकाळी केरबा पत्ती ओलवतो आणि माझ्या अंगावर घासतो. शेजारी म्हातारी धोंडुबाई पान जुळवत बसलेली असते. वाजवायच्या आधी तो घोटभर गार पाणी त्या दातावर घेतो, डोळे मिटतो आणि दचकतो. धोंडुबाईचं चुन्याचं बोट हवेतच थांबतं.

‘‘हाय का रं?’’ ती विचारते.

‘‘हाय की, आये,’’ तो म्हणतो. मग ती पानाला चुना लावते, तो फुंकर मारतो, आणि मी पुन्हा थरथरतो.